पाद्री इथला, पाद्री तिथला

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला राहायला आलो तेव्हा शेजारणीने विला कॅथरची ‘डेथ कम्स फॉर द आर्चबिशप’ हातात ठेवली. १९२७ ची कादंबरी. न्यू मेक्सिको नुकतंच अमेरिकेच्या ताब्यात आलेलं असताना इथलं चर्च सांभाळायला आलेल्या दोन फ्रेंच पाद्र्यांची. एका प्रसंगात दोघे कांद्याचं सूप पितात आणि बिशप म्हणतो, या सुपात जवळजवळ हजार वर्षांचा इतिहास आहे. (आईच्या आमटीबद्दल मला हे कधी सुचलं नाही.) पुस्तकाच्या प्रेमातच पडलो.

मग इथल्याच ताओस गावी गेलो. चौकात पाद्री मार्तिनेझचा पुतळा! कादंबरीत हा खादाड, बाईलवेडा, सत्तेला चटावलेला. प्रत्यक्षात १७९३ साली याच मुलखात जन्मलेला. त्याने शाळा काढली, छापखाना चालवला. दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला) न देणाऱ्यांचे धर्मसंस्कार बंद, असा फतवा बिशप लामीने, म्हणजे कादंबरीतल्या बिशपमागच्या खऱ्या माणसाने, काढला, तेव्हा हा भांडला. पुढे लामीने त्याला बहिष्कृत केलं. कॅथरबाईंनी लामीचं नाव बदलून लातूर केलं (आपलं लातूर नव्हे). मार्तिनेझचं मात्र खरं नावच ठेवलं. बाहेरून आलेला नायक, इथला तो खलनायक.

मला आठवलं २०२० चं उस्मानाबादचं साहित्य संमेलन. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तर ‘धर्मगुरू कशाला?’ म्हणून विरोध. आमच्या घरच्या ग्रुपवर दादाच पुढे. वसईचा माणूस, ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार, तरी परका. आणि हाच दादा दर मराठी भाषा दिनाला ‘ख्रिस्तपुराण’वाल्या फादर स्टीफन्सची ओवी टाकतो. तो तर इंग्रज, १५७९ मध्ये धर्मप्रसारालाच गोव्यात आलेला!

मिशनऱ्यांना जाब विचारू नये असं मी म्हणत नाही. गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगिजांनी लोकांच्या बोलीवरच बंदीचा हुकूम काढला, त्यामागे पाद्र्यांचाही रेटा होता. पण तो जाब दिब्रिटोंनी का द्यायचा? ‘तुला काय, तू लांब बसून बोलतोस,’ दादा म्हणतो. खरंय. इथे परका मीच आहे, म्हणून असेल, हा शब्द मला जरा जास्त टोचतो.

गेल्या नाताळात दादा आला होता. त्याला सांता फेचं लामीचं कॅथीड्रल दाखवलं. मातीच्या घरांच्या गावात फ्रेंच घाटाचं दगडी बांधकाम, दोन्ही मनोरे वर बोडके. ‘बाहेरच्याने बांधलेलं दिसतंय,’ म्हणाला आणि भराभर फोटो काढले. ताओसला न्यायचं राहून गेलं. रस्त्यावर बर्फ होतं.