लाखांत एक शंख, तोही कुरिअरने

"दक्षिणावर्ती शंख लाखांत एक मिळतो. कानाला लावा, ॐकार ऐकू येईल. आठवडाभर मिठाच्या पाण्यात ठेवा, अस्सल असेल तर काही होणार नाही." दिवाळी जवळ आली की हा मेसेज फिरू लागतो, आणि खाली खरेदीची लिंक असतेच.

लाखांत एक? इथेच खरी गोम आहे. आपला पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम या समुद्री गोगलगाईचं कवच. ती मन्नारच्या आखातात, श्रीलंकेच्या किनाऱ्याला, कच्छच्या आखातातही सापडते. पन्हळ, म्हणजे तोंडाला जोडून असलेलं निमुळतं टोक, वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला, तर हा शंख डावीकडे उघडतो. उजवीकडे उघडणारा, म्हणजेच दक्षिणावर्ती, क्वचितच निघतो, म्हणून त्याला एवढा मान. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण इतकी दुर्मिळ वस्तू तीन आकारांत, 'स्टॉकमध्ये उपलब्ध' कशी?

कारण विकला जातो तो बहुतेक वेळा वेगळ्याच प्राण्याचा शंख: लाइटनिंग व्हेल्क. राहणार अमेरिकेचा पूर्व किनारा आणि मेक्सिकोचं आखात. टेक्ससने १९८७ साली त्याला राज्याचा शंख ठरवलं. त्याच्यात जवळजवळ प्रत्येक शंख याच वळणाचा असतो. उलट, दुसऱ्या वळणाचा मिळाला तर तिकडचे लोक नवल करतील!

शेजारच्या काकूंनी असाच एक मागवला होता. हातात घेतला तर आकाराच्या मानाने हलका, खांद्यावर बोथट गाठी. तोंडातून बोट घालून मधला खांब चाचपला, तर तो गुळगुळीत. आमच्या घरच्या रामेश्वरच्या शंखात त्याच जागी स्क्रूच्या आट्यांसारखे तीन-चार ठसठशीत कंगोरे बोटाला लागतात. ओळखायचं ते यावरून.

ॐकाराचं म्हणाल तर स्टीलचा पेला कानाला लावून बघा. आजूबाजूचाच आवाज पोकळीत घुमतो.

मिठाच्या पाण्याची परीक्षा मात्र कमाल आहे. जो प्राणी जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिला, त्याच्या कवचाला आठवडाभरात काय होणार? व्हेल्कही पास, प्लॅस्टिकचाही पास. लिंबू पिळलंत तर प्लॅस्टिक तेवढं उघडं पडेल. बाकी दोन्ही शंख चुन्याचेच, दोन्ही फसफसतील. आणि पिळलंत त्या जागेची चकाकी जाईल, ती परत येणार नाही.