लाथ गाईची, पण चूक गोठ्याची

आज सकाळी शेजारच्या गोठ्यात भरली बादली लवंडली. चार लिटर दूध शेणात. मालकाने काठी उचलून दोन हाणल्या, वर "मारकी झालीय, बाजार दाखवतो" हेही ऐकवलं. अरे, तिच्या पुढच्या पायांकडे बघ की आधी! गुडघ्याखाली सहा-सात माश्या, डोकं वर करून चिकटलेल्या.

ती घरमाशी नव्हे, गोठ्यातली चावरी माशी (स्टेबल फ्लाय). दिसते तशीच, पण सुईसारखी सोंड सरळ पुढे आलेली असते. नर-मादी दोन्ही रक्त पितात. एका पायावर पाच दिसल्या की दुधाला फटका बसणारच. दिवसभर पाय आपटणारी गाय रवंथ कधी करणार?

आणि ही पैदास कुठली? आपल्याच गव्हाणीखालची. सांडलेली कुट्टी, तीत मूत आणि शेण. अंड्यापासून माशी व्हायला उबेत दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणजे आठवड्यातून दोनदा खरवडून काढलं तर अळीची माशी होतच नाही. पण मधली जागा झाडतात आणि खुंट्याचा बुडखा, भिंतीची कड, हौदाखालचा ओलावा नेमका सोडतात. काढलेलं पुन्हा दाराशीच टाकतात! लांब ढीग घाला, वर काळा प्लास्टिक कागद, कडांवर माती. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात.

कडुनिंबाचा धूर चालतो, मान्य. धूर आहे तोवर. जळकं ऑइल मात्र फासू नका, जनावर चाटतं. फवारा डॉक्टरांना विचारून, धार काढून झाल्यावर, पायांवर आणि पोटाखाली. पाठीवर मारून काय उपयोग, माशी तिथे बसतेय कुठे?

गोमाशीचं वेगळं. ती मोठी, कातडी चिरते, मागे रक्ताचा ओघळ राहतो. चावते फक्त मादी. ओढ्याकाठच्या चिखलात वाढते, तिथे खराटा चालत नाही. ती भर उन्हातली. तेव्हा भर दुपारी गुरं गोठ्यात घ्या, अंधाऱ्या जागी ती सहसा शिरत नाही.

2022 ला लम्पी आला, तो चावऱ्या माश्यांमुळेही पसरतो म्हटल्यावर गावोगाव गोठे लख्ख झाले होते. लस टोचून झाली, खराटे कोपऱ्यात गेले.

शेजारी माणूस वाईट नाही हो. चार लिटर जाणं सोपं नसतं. पण बाबा, संध्याकाळच्या धारेला पोराला कडुनिंबाची डहाळी देऊन तिच्या पुढच्या पायांशी उभं कर, आणि मग बादली लाव.