सैनिकाशी लग्न आणि के-१ व्हिसा : ‘नवरीची आई’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, तुम्ही ‘नवरीची आई’ एवढीच सही केली आहे, म्हणून काकू म्हणते. तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण त्यामागे लेकीची काळजी आहे आणि मुद्देही नेमके आहेत. दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अमेरिकन सैन्यातल्या मुलाशी लग्न ठरलं असेल, तर बहुतेक वेळा वाग्दत्त वधूसाठी असलेल्या के-१ व्हिसाच्या मागे लागू नये. आधी कायदेशीर लग्न करावं आणि पत्नी म्हणून सीआर-१ हा इमिग्रंट, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, व्हिसा घ्यावा. काकूंचे त्यावर तीन आक्षेप आहेत. एक, के-१ लवकर मिळतो आणि सैनिकाला तर प्राधान्यच असतं, मग मुलीला मागे का ठेवायचं? दोन, ‘इथे घरच्या घरी विधी उरकू, नोंदणी करणार नाही, मग के-१ वर पाठवू’, हा साधा मार्ग मी लपवला. तीन, आधी नोंदणी केली आणि मुलगा परत फिरकलाच नाही, तर मुलीचं काय? जावई न्यू जर्सीत वाढलेला, मराठी घरातला आणि अमेरिकन आर्मीत आहे. मुलगी पुण्यात नोकरी करते.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण त्यात खरा धोका आहे. तुम्ही पुढच्या काही आठवड्यांतच हे करायच्या विचारात दिसता.

के-१ फक्त अविवाहित जोडप्यासाठी असतो. आणि आपल्याकडे हिंदू पद्धतीचं लग्न नोंदणीने होत नाही, विधीने होतं. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७ म्हणतं की सप्तपदी हा विधीचा भाग असेल, तर सातवं पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. कलम ८ असंही स्पष्ट सांगतं की नोंदणी केली नाही म्हणून लग्न रद्दबातल ठरत नाही. अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा साधारणपणे जिथे लग्न झालं तिथल्या कायद्याने ते वैध आहे का, हे पाहतो. म्हणजे घरच्या हॉलमध्ये पन्नास माणसांसमोर होम पेटवून सात पावलं चालली, की तुमची मुलगी विवाहित. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये बसलेल्या अधिकाऱ्यासमोर रोज आपल्याकडची लग्नं येतात. अंतरपाट, मंगळसूत्र, भांगातलं कुंकू त्याला फोटोत लगेच ओळखू येतं. तो म्हणणार, तुमचं लग्न झालेलं आहे, हा व्हिसा तुमच्यासाठी नाही. मग अर्ज परत जातो आणि पत्नीच्या अर्जापासून सगळं नव्याने सुरू करावं लागतं. के-१ च्या रांगेत घालवलेले महिने वाया जातात. त्याहून वाईट म्हणजे इंटरव्ह्यूत मुलीने ‘लग्न झालं नाही’ असं सांगितलं आणि फोटो दुसरंच सांगत असले, तर खोटी माहिती दिल्याचा ठपका तिच्या नावावर बसू शकतो. तो पुढे कायमचा आडवा येतो.

दुसऱ्या बाजूने तीच अडचण. उद्या बायको म्हणून अर्ज करायचा, तर त्याला विवाह प्रमाणपत्र लागतं आणि तुम्ही नोंदणीच केलेली नसते. मुलगी मधल्यामध्ये लटकते. तेव्हा के-१ च घ्यायचा असेल तर साखरपुडा करा, अंगठ्या घाला, पेढे वाटा, पण विधी अमेरिकेत जाऊनच होऊ द्या. साखरपुड्यात हौसेने वरमालाही घालायची पद्धत अलीकडे आली आहे, ती या प्रकरणात टाळा.

आता लवकर कोण पोहोचतं याबद्दल. के-१ वर विमानात आधी बसता येतं, हे पुष्कळदा खरं आहे. पण विमानातून उतरल्यावर तिच्या हातात काय असतं, ते पाहा. उतरल्या दिवसापासून ९० दिवसांत त्याच मुलाशी लग्न करायचं, ही मुदत वाढत नाही. लग्नानंतर ग्रीन कार्डासाठी आय-४८५ अर्ज भरायचा आणि तो मंजूर होईपर्यंत वाट पाहायची. त्या काळात वेगळा परवाना आल्याशिवाय नोकरी नाही. प्रवासाचा परवाना न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं, तर तो अर्जच सोडून दिला असं धरतात.

न्यू जर्सीतल्या ऑफिसात काम करणाऱ्या मुलाच्या बायकोला हे त्रासाचं असलं तरी निभावतं. सैनिकाच्या बायकोचं तसं नाही. त्याच्या हातात कधीही पीसीएस ऑर्डर येते, म्हणजे कायम बदलीचा हुकूम: जर्मनीतलं ग्राफेनवोर, कोरियातलं कॅम्प हम्फ्रीज, नाहीतर आणखी कुठे. नाहीतर डिप्लॉयमेंट येते आणि तो महिनोन्‌महिने कुटुंबाशिवाय जातो. त्या ९० दिवसांच्या आतच हुकूम आला, तर? लग्न घाईने कोर्टात उरकायचं. आय-४८५ प्रलंबित असताना आला, तर तो जर्मनीला आणि ती ओळखीचं कुणी नसलेल्या गावात, कामाच्या परवान्याची वाट पाहत. तुम्ही म्हणता तसं मुलीला मागे ठेवायचं नसेल, तर के-१ मध्ये ती मागे राहण्याची शक्यता जास्त आहे. फक्त पुण्यात आईजवळ राहण्याऐवजी ती टेक्सासच्या एखाद्या बेसबाहेरच्या अपार्टमेंटमध्ये एकटी राहील.

सीआर-१ वर ती उतरते तीच मुळी ग्रीन कार्डधारक म्हणून. व्हिसावर प्रवेशाचा शिक्का बसला की तो वर्षभर तात्पुरत्या ग्रीन कार्डासारखा चालतो. दुसऱ्या दिवशी नोकरी शोधता येते, नवऱ्याबरोबर परदेशी बदलीवर जाता येतं. लष्करी हुकमाने नवऱ्यासोबत परदेशात काढलेला काळ नागरिकत्वासाठी अमेरिकेतला वास्तव्यकाळ म्हणून धरण्याची सोय कायद्यात आहे. आणि नवरा नागरिक असून त्याची नेमणूक परदेशात असेल, तर इमिग्रेशन कायद्याचं कलम ३१९(ब) आहे. त्याखाली पत्नीला नेहमीची तीन वर्षं न थांबता नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ही दारं ग्रीन कार्ड हातात आल्यावरच उघडतात.

आणि सैन्याच्या लेखी वाग्दत्त वधू म्हणजे कुणीच नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण नियम तसाच आहे. लग्नाचं प्रमाणपत्र दाखवून नवऱ्याने तुमच्या मुलीचं नाव डीअर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या कुटुंब-नोंदीत, घातलं की तिला ट्रायकेअरचा आरोग्यविमा लागू होतो. त्याचा घरभत्ता कुटुंबासह दराने सुरू होतो आणि परदेशी बदलीच्या हुकमात तिचं नाव येऊ शकतं. ही नोंद व्हायला व्हिसा हातात असावा लागत नाही. लग्न झालेलं असावं लागतं.

सैनिकाचं प्राधान्य आपोआप लागत नाही. ते मागावं लागतं, बदलीच्या किंवा डिप्लॉयमेंटच्या हुकमाची प्रत जोडून, आणि मागितलं तरी मिळेलच असं नाही. ते दोन्ही मार्गांना मागता येतं, त्यामुळे के-१ च्या पारड्यात त्याचं वेगळं वजन पडत नाही. उलट तो आधीच परदेशातल्या लष्करी तळावर नेमलेला असेल, तर आय-१३० हा पत्नीचा अर्ज तिथल्या अमेरिकन दूतावासात थेट देण्याची वाट बऱ्याचदा मोकळी असते. के-१ ला तशी वाट नाही.

खर्चाचं एका परिच्छेदात सांगते. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे पत्नीचा मार्ग, अर्ज कागदावर भरला तर, आय-१३० चे ६७५, व्हिसाचे ३२५, आर्थिक हमीपत्राचे १२० आणि ग्रीन कार्डाचे २३५, म्हणजे १,३५५ डॉलर. के-१ च्या अर्जाचे ६७५ आणि व्हिसाचे २६५, मग आय-४८५ चे १,४४०, कामाच्या परवान्याचे २६० आणि प्रवासाच्या परवान्याचे ६३०: एकूण ३,२७०. वैद्यकीय तपासणी दोन्हीकडे वेगळी. नुकता भरती झालेल्या मुलाला हा फरक लहान नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटला. नोंदणी करून गेलेला आणि परत न आलेला जावई आपल्या समाजाने पाहिला आहे. ती भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण काकू, के-१ वर गेलेल्या मुलीची त्या ९० दिवसांतली अवस्था आठवा. ती पत्नी नाही. मुलाचं मन फिरलं तर तिने परत यायचं. दुसऱ्या कुणाशी लग्न करून तिथे ग्रीन कार्ड घेता येत नाही, दुसऱ्या व्हिसावर बदलून राहताही येत नाही. सगळी दोरी त्याच्या हातात. पत्नी असलेल्या मुलीला भारतीय कायद्याने हक्क आहेतच, शिवाय आर्मीचा एक नियम आहे: आर्मी रेग्युलेशन ६०८-९९. सैनिकाने कुटुंबाला आर्थिक आधार दिलाच पाहिजे, असं तो बजावतो. तो देत नसेल तर पत्नीला त्याच्या कमांडरकडे तक्रार करता येते. खासगी कंपनीतल्या जावयाच्या साहेबाला असं पत्र लिहिता येत नाही. ग्रीन कार्ड सुरुवातीला दोन वर्षांचं, सशर्त असतं हे खरं, पण घटस्फोट झाला किंवा छळ झाला तर अटी काढण्याचा अर्ज ती एकटीने करू शकते.

के-१ च्या बाजूची एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. त्या अर्जात मुलाला काही गंभीर गुन्ह्यांबद्दलच्या शिक्षा उघड कराव्या लागतात आणि ती माहिती मुलीला कळवली जाते. पत्नीच्या मार्गानेही जाणार असाल, तरी ही चौकशी तुम्ही स्वतः करा. त्यात संकोच नको.

के-१ कुणाला योग्य? भारतातून जाणाऱ्या जोडीदाराला आधीच्या लग्नाचं १८ ते २१ वयाचं मूल असेल, तर नक्की विचार करावा. के-१ सोबत २१ वर्षांखालचं अविवाहित मूल जाऊ शकतं. पत्नीच्या मार्गाने सावत्र मुलासाठी अर्ज करायचा तर हे लग्न मुलाला १८ पूर्ण होण्याआधी झालेलं असावं लागतं. दुसरं म्हणजे त्याला भारतात यायला रजाच मिळत नाही आणि वर्षभर बदली नाही हे नक्की आहे, तिथे. तुमच्या मुलीला यातलं काही लागू दिसत नाही.

जावई नागरिक आहे ना, हे आधी विचारा. अमेरिकन सैन्यात ग्रीन कार्डधारकही असतात, आणि त्यांना के-१ चा अर्ज करताच येत नाही. तसं असेल तर लष्करी सेवेच्या आधारावर त्याने आधी स्वतःचं नागरिकत्व घ्यावं.

मग रजेचं गणित. अमेरिकन सैनिकाला महिन्याला अडीच दिवस, म्हणजे वर्षाला ३० दिवस रजा साठते. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं, तर नोटीस दिल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं. तो आल्यावर नोटीस देऊ म्हटलंत तर सगळी रजा नोटिशीतच जाईल. मुलगी पुण्याची आहे, त्यामुळे जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्याची अट पूर्ण होते. तो येण्याआधी नोटीस कशी देता येईल, हे विवाह अधिकाऱ्याला आत्ताच विचारून ठेवा. नोटीस तीन महिनेच चालते, फार आधीही देऊ नका. दोघंही हिंदू आहेत, तेव्हा वैदिक पद्धतीने लग्न लावून लगेच नोंदणी करणं रजेत बसवायला सोपं पडेल. कुणी मोंटाना राज्यातलं गैरहजेरीतलं लग्न सुचवेल. एक जण प्रत्यक्ष लष्करी सेवेत असेल तर तिथे दोघांच्याही गैरहजेरीत लग्न लागतं. पण त्यानंतर दोघांचा प्रत्यक्ष सहवास झाल्याशिवाय इमिग्रेशन ते मानत नाही, म्हणजे तिकीट काढावंच लागतं. आणि ‘टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच लग्न करू’ हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. लग्न करून राहायचं मनात ठेवून पर्यटक म्हणून आत शिरणं हे सरळ खोटं बोलणं धरलं जातं.

त्याने येण्याआधी परदेश प्रवासाची लष्करी परवानगी घेतली पाहिजे. सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची परवानगी, असेल तर परदेशी मुलीशी लग्नाचा बेतही त्याच्या युनिटला कळवला पाहिजे. बेसवरच्या लीगल असिस्टन्स ऑफिसात त्याला फुकट सल्ला मिळतो, तिथे त्याने जाऊन यावं. आणखी एक: भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येता यावं म्हणून ओसीआय कार्ड असतं, पण सेवेतल्या किंवा निवृत्त परदेशी सैनिकाला ते मिळत नाही, मराठी घरातला असला तरी. पुढे दर वेळी भारतात येताना त्याला व्हिसा लागेल, तारखा ठरवताना ते धरा.

त्याला तीन गोष्टी विचारून मला कळवा: नागरिकत्व, पुढची बदली कधी अपेक्षित आहे, आणि सलग किती रजा मिळेल. उत्तरं इथे प्रतिक्रियेत लिहू नका. सैनिकाच्या युनिटचं नाव आणि बदली-डिप्लॉयमेंटच्या तारखा उघड्यावर टाकायच्या नसतात. ब्लॉगवर माझा ईमेल आहे, तिथे लिहा.