मानूस पाठोता येत असन त पाय

मेलबर्नला रात्रीचे साडेदहा झाले की आमच्या यवतमाळकडच्या घाटंजी तालुक्यात पाच वाजतात. मावसबहीण वेचणीवरून घरी येते, हातपाय धुते, चुलीवर चहा ठेवते आणि मला फोन लावते. मागे तिचा धाकटा दिसतो. साडेतीन वर्षांचा. बापाची सायकल उलटी करून तिचं चाक फिरवत बसलेला. हाक मारली तरी वळून बघत नाही. मागच्या वर्षी यवतमाळच्या डॉक्टरांच्या तोंडून ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द निघाला. तोवर घरात सासूबाईंचं निदान चालत होतं : “याचा बापबी चार वरसाचा होईलोक बोलला नोता.”

परदेशात बसलेला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. पैसे पाठवले. दर महिन्याला, न चुकता, आणि खरं सांगायचं तर थोड्या फुशारकीनंही. सात महिन्यांनी ती म्हणाली, “दादा, आता पैसे नोको पाठवू. मानूस पाठोता येत असन त पाय.”

मी आधी चिडलो. मग कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. थेरपीसाठी आठवड्यातून दोनदा यवतमाळ. एका बैठकीचे पाचशे, म्हणजे महिन्याचे चार हजार. एसटीत पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही आणि बायांना २०२३पासून अर्धं तिकीट, तेव्हा प्रवास तसा स्वस्तच. महाग पडतो तो बुडालेला रोज. सकाळच्या गाडीनं गेलेली बाई चारच्या आत परत येत नाही. तीनशे रुपयांप्रमाणे आठ दिवसांचे चोवीसशे तिथंच गेले. वर ऐन हंगामात शेतमालक म्हणतो, आड दिवस येणारी बाई मला नको. आणि एवढं करून पदरात काय, तर पाऊण तासाची बैठक. गर्दीच्या गाडीत कानावर हात दाबून, दोनदा उलटी करून पोचलेलं लेकरू पहिली वीस मिनिटं टेबलाखालून बाहेरच येत नाही. म्हणजे पाचशेतली जवळपास निम्मी थेरपी टेबलाखाली.

आता इकडच्या वादाकडे येतो. ‘इकडच्या’ असं लिहून गेलो खरा, पण बसलोय तिकडे. हा घोळ आम्हा लोकांचा कायमचाच. जून २०२५मध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, तेव्हा कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिना सहा हजार द्या, ही त्यांची एक मागणी होती. मागणी हवेतली नव्हती. आंध्रात २०२४पासून सहा हजार मिळतातच. पुढे महाराष्ट्र सरकारनं संजय गांधी निराधार योजनेतलं दिव्यांगांचं अनुदान दीड हजारावरून अडीच हजारावर नेलं. तेव्हापासून भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण एकच : अडीच पुरे की सहाच हवेत? दुसरीकडून बोगस प्रमाणपत्रांचा आरडाओरडा. त्याची झळ बोगसवाल्यांना किती लागली देव जाणे. पण मेडिकल बोर्डापुढे लेकरू घेऊन उभ्या राहणाऱ्या आईला मात्र हल्ली ‘दिसायला तर चांगला दिसते’ हे ऐकून घ्यावं लागतं. स्वमग्नता चेहऱ्यावर दिसत नाही, हा त्या पोराचा गुन्हा.

अनुदान वाढलंच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. ज्या घरात बाईचा रोज बुडतो त्या घरात रोख पैसा लागतोच. पण वरचा हिशेब पुन्हा बघा. फी चार हजार, बुडालेला रोज चोवीसशे, तिकिटं आणि वरखर्च वेगळा. उद्या सहा हजार मिळाले तरी भागत नाही. आणि समजा बारा हजार मिळाले, तरी घाटंजीत थेरपिस्ट उगवणार आहे का? विकत घ्यायची वस्तू बाजारातच नसेल तर खिशातला पैसा गावोगाव भटकत राहतो. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, दिव्यांगांसाठीच्या निरामय आरोग्य विम्याचंही तेच. एक लाखापर्यंतचं संरक्षण, हप्ता अगदी किरकोळ, थेरपीसुद्धा त्यात धरलेली. मात्र आधी आपल्या खिशातून भरा, पावत्या जोडा, मग वाट बघा. जिला पहिले पाचशेच जड जातात, तिला हा विमा म्हणजे शिंक्यावरचं लोणी.

हे सगळं मला एवढं ठामपणे म्हणता येतं त्याचं कारण मी जिथं राहतो तो देश. ऑस्ट्रेलियानं २०१३पासून नेमका उलटा, म्हणजे पैशाचा प्रयोग केला. एनडीआयएस नावाच्या राष्ट्रीय दिव्यांग विमा योजनेत ज्याच्या-त्याच्या नावानं रक्कम मंजूर होते आणि कुटुंबानं बाजारातून सेवा विकत घ्यायची. त्यासाठी २०१४पासून आमच्या उत्पन्नावरची मेडिकेअरची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, पट्टी दीड टक्क्यावरून दोन टक्के झाली. ती मी आनंदानं भरतो. आज सात लाखांहून जास्त माणसं या योजनेत आहेत आणि त्यातला सर्वांत मोठा गट स्वमग्नतेचा. सहा वर्षांखालच्या मुलाच्या वाढीत मागेपणा दिसला तर निदानाचा शिक्का बसण्याआधीच मदत सुरू होऊ शकते. हे फार मोठं आहे आणि त्याचा मला हेवा वाटतो. (आमच्यातल्याच एका कुटुंबाला मात्र यातला छदामही मिळाला नाही, कारण ते तात्पुरत्या व्हिसावर होते. ही योजना नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी. परदेशाचं कौतुक करताना ही ओळ आम्ही हळूच गिळतो.)

पण त्या बाजाराचे भाव ऐका. स्पीच थेरपीच्या एका तासाला सरकारनं २०२५मध्ये ठरवलेली कमाल किंमत १९३ डॉलर ९९ सेंट, म्हणजे अकरा हजार रुपयांच्या आसपास. माझ्या बहिणीची जवळजवळ तीन महिन्यांची फी त्यात निघते. आणि एवढा भाव देऊनही शहरापासून लांब गेलं की माणूस मिळत नाही. माझा एक सहकारी मिल्ड्युराचा आहे, इथून साडेपाचशे किलोमीटरवर. त्याच्या पुतण्याच्या नावे रक्कम मंजूर होती. वर्ष संपलं तेव्हा निम्मी पडून होती, कारण यायला कुणी तयार नव्हतं. त्यात १ जुलै २०२५पासून थेरपिस्टना प्रवासाच्या वेळेचे निम्मेच पैसे लावता येतात. त्यानं मला हे डबा खाताना सांगितलं आणि मला आमची घाटंजीची बस आठवली. दोन्हीकडचा दुष्काळ माणसांचाच.

ऑगस्ट २०२५मध्ये इथल्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की सहा वर्षांच्या दर दहा मुलांमागे एक जण या योजनेत आहे आणि हे असं पेलवणार नाही. सौम्य ते मध्यम अडचण असलेल्या लहान मुलांसाठी वेगळी व्यवस्था उभारायची घोषणा झाली : मूल जिथं रोज जातं तिथं, बालवाडीत, आरोग्य केंद्रात, पालकांना शिकवत मदत करायची. इथले पालक धास्तावले आहेत आणि त्यांची धास्ती मला समजते. हातातली रक्कम काढून घेतली आणि नवी व्यवस्था कागदावरच राहिली, तर? तरी ती घोषणा ऐकताना मी मनाशी म्हटलं, अरे, ही तर आमच्या गडचिरोलीची गोष्ट.

‘सर्च’ या तिथल्या संस्थेच्या अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात काय केलं होतं? पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायांना नवजात बाळाला तपासायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलासुद्धा शिकवलं. डॉक्टर मंडळींच्या भुवया उंचावल्या होत्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : त्या गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे तीच पद्धत आशाताईंच्या हातून देशभर गेली. दवाखाना बाळापर्यंत पोचत नसेल तर बाळाच्या शेजारीणबाईलाच शिकवा, हे विदर्भानं जगाला दाखवलं. मग चार वर्षांच्या न बोलणाऱ्या पोराची वेळ आली की आम्हाला एकदम नागपूरच का आठवतं?

स्वमग्नतेत हे चालेल का, असं कुणी विचारेल. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत हा प्रयोग झाला आहे. तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते पालकांना भेटत. आई मुलाशी खेळताना छोटा व्हिडिओ काढायचा, मग तिच्याबरोबर बसून तो बघायचा : इथं तू थांबलीस ना, बघ, त्यानं तुझ्याकडे पाहिलं. २०१६मध्ये निष्कर्ष छापून आले. आया मुलांच्या कलानं वागू लागल्या होत्या आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं होतं. अभ्यास लहान होता, ६५ मुलांचा, आणि आई आणि मुलानं मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याच्या बाबतीत मात्र उलटा परिणाम दिसला. तेव्हा जादूची कांडी म्हणून मी तो विकत नाही. पण आमच्या बहिणीच्या पदरात सध्या जे पडतं त्याच्याशी तुलना करा. टेबलाखालची वीस मिनिटं.

कागदावर आपल्याकडे सगळं आहे, हीच तर गंमत. २०१६च्या कायद्यानं स्वमग्नता २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात धरली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन तपासणी करतं आणि मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. नोव्हेंबर २०२३मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही आली. ओळखायचं कसं हे ठरलं, पाठवायचं कुठं हेही ठरलं. पाठवल्यानंतर मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी घरी काय करायचं, ते कोण शिकवणार?

अंगणवाडीताईच, असं मी म्हटलं की बहीण हसते. “त्या ताईले फोनात माहिती भरता भरताच दिवस बुडते.” खरं आहे. मानधनासाठी डिसेंबर २०२३मध्ये याच ताया संपावर गेल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर फुकटात आणखी एक गाठोडं ठेवणं हा निर्लज्जपणा ठरेल. दर गावात अशी मुलं एक-दोन, फार तर तीन. दहा-बारा गावांत मिळून एक प्रशिक्षित बाई, तिला रीतसर मानधन, महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या तज्ज्ञाबरोबर व्हिडिओ बघणं, आणि ज्या मुलाला जास्त गरज त्याला थेट तज्ज्ञाकडे. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. लहान गावात हा आकडा हास्यास्पद असतो. घरपट्टी-पाणीपट्टी मिळून दोन लाख आले तर दहा हजार. त्याच्या वाटण्या होऊन दरडोई हजार-पाचशे हातावर पडतात आणि फोटो निघतो. पण बारा गावांचे दहा-दहा हजार एकत्र केले तर एक लाख वीस हजार होतात. एका बाईचं वर्षभराचं महिना दहा हजार मानधन निघालं. सगळा निधी यालाच द्या असं मी म्हणत नाही, म्हाताऱ्या दिव्यांगांनी काय करायचं? पण निम्मा इथून आणि निम्मा राज्याकडून, एवढी मागणी मोझरीच्या मांडवातून पुढच्या वेळी झाली तर मी इथून टाळ्या वाजवीन.

आणि आम्ही? आमच्या इथल्या मराठी मंडळानं दिवाळीला निधी गोळा केला. चर्चा लगेच नागपुरात सेंटर काढण्यावर गेली. एसी, रंगीत भिंती, देणगीदारांची पाटी. मी म्हटलं, त्याच पैशात घाटंजी-आर्णी पट्ट्यात दोन बायांचं दोन वर्षांचं मानधन भागतं. कोषाध्यक्षांनी शांतपणे विचारलं, “मग पाटी कुठं लावायची?” ते थट्टा करत नव्हते.

काल पुन्हा फोन झाला. पोरगं अजून चाकच फिरवतं, पण तिनं एक शोधून काढलंय : आपण चाक हातानं धरून थांबवलं की तो आधी चाकाकडे आणि मग तिच्या तोंडाकडे बघतो. कुणी शिकवलं, मी विचारलं. “कोनीच नाही. मीच पायलं.” मग चहा उतू गेला म्हणून ती उठली, आणि परत येऊन म्हणाली, “बुधवारी बोर्ड हाय यवतमाळले. तिकिटाचे पैसे हायेत माह्याजोळ. मंग फोन करतो.”