इंदूरला सूचना आयोगाचं कार्यालय हवं, पण खर्च कोण करणार? कोषालयातल्या काकांना उत्तर

मध्य प्रदेश राज्य सूचना आयोगाचं, म्हणजे माहितीच्या अधिकारातली दुसरी अपिलं ऐकणाऱ्या आयोगाचं, एक कार्यालय इंदूरला असावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर कोषालयातून निवृत्त झालेल्या एका काकांची सणसणीत प्रतिक्रिया आली. तिचा मतितार्थ असा: भोपाळच्या आयोगावरच सरकारचे कोट्यवधी जातात, त्यातून निवृत्त साहेबांची सोय लागते, अर्जदारांत निम्मे ब्लॅकमेलर असतात, तक्रारीला 181 ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, मग आणखी एक दफ्तर कशाला? शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘ज्याला तक्रारीची हौस, त्यानेच खर्च द्यावा.’

काका, तुमची हयात हिशेबात गेली, म्हणून आधी हिशेबच घेऊ.

माहिती अधिकार कायद्याने राज्यात एक मुख्य सूचना आयुक्त आणि जास्तीत जास्त दहा आयुक्त नेमता येतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर केंद्राने नियम केले, त्यानुसार राज्यातल्या प्रत्येक आयुक्ताचं मूळ वेतन महिना 2,25,000 रुपये. अकराच्या अकरा जागा भरल्या तर वर्षाला 2 कोटी 97 लाख. त्यात महागाई भत्ता, घर, गाडी, ड्रायव्हर, शिपाई, वीजबिल सगळं घाला आणि रक्कम सरळ तिप्पट करा. 9 कोटींच्या आत राहतं. 2024-25 चं मध्य प्रदेशाचं अंदाजपत्रक साधारण 3 लाख 65 हजार कोटींचं होतं. म्हणजे सरकारने लाख रुपये खर्चले, तर त्यातले अडीच रुपयेसुद्धा इकडे येत नाहीत. 2011 च्या जनगणनेची 7 कोटी 26 लाख लोकसंख्या धरली तर माणशी वर्षाला सव्वा रुपयाच्या आत. ‘कोट्यवधी’ हा शब्द खरा आहे, पण तुमच्या पिढीच्या कोषालयवाल्याने आकड्याशेजारी छेद न लिहिता सोडावा, हे पटत नाही.

आणि हा झाला भरलेल्या आयोगाचा खर्च. रिकाम्याचा सांगू? 2024 साली काही महिने भोपाळच्या आयोगात एकही आयुक्त नव्हता. सप्टेंबरमध्ये मुख्य आयुक्त आणि तीन आयुक्त नेमले गेले. मधल्या काळात अरेरा हिल्सवरचं सूचना भवन तसंच उभं होतं, कर्मचाऱ्यांचे पगार चालू होते, नवी अपिलं येऊन ढिगावर पडत होती. बचत काय झाली ती अकरा पगारांची. रिकाम्या जागांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या फेब्रुवारीत सरकारांना स्पष्ट सांगितलं होतं की जागा रिकामी व्हायच्या आधीच नेमणुकीची प्रक्रिया सुरू करा. तुम्हाला उधळपट्टीच शोधायची असेल तर ती इथे आहे.

निवृत्त साहेबांच्या सोयीबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला बहुतेक मान्य आहे. कलम 15 मध्ये विधी, विज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, प्रशासन अशी लांबलचक यादी आहे. नेमणुका करताना सरकारची नजर यादीच्या शेवटच्या टोकाला चिकटते. पण तो नेमणाऱ्याचा दोष झाला. कलेक्टर आवडला नाही म्हणून कुणी कलेक्टरेट बंद करा म्हणत नाही.

ब्लॅकमेलरचं थोडक्यात. असतात. इंदुरात मीही पाहिलेत, बिल्डरच्या मागे लागणारे. पण ते आयोगापर्यंत जातच नाहीत, त्यांचा व्यवहार पहिल्या अर्जावरच मिटतो. भोपाळपर्यंत पोचतो तो ज्याला खरंच कागद हवा असतो तो. 181 चंही तसंच: नळाला पाणी नाही, रस्त्यावर दिवा नाही, यासाठी उत्तम. 2010 चा लोकसेवा हमीचा कायदाही चांगला, तो करणारं आपलं राज्य देशात पहिलं. पण तो ठरावीक सेवांपुरता. निविदेची फाइल किंवा मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची सरकारी वही) दाखवा, असा हुकूम 181 वर कुणी देऊ शकत नाही.

आता व्हिडिओ. तुमच्या प्रतिक्रियेतला हा सगळ्यांत वजनदार मुद्दा, आणि माझी मागणी नेमकी इथेच उभी आहे.

इंदुरातल्या बहुतेक अर्जांना मिळणारं उत्तर म्हणजे नकार नव्हे. नकार असता तर वाद घालता आला असता. उत्तर असतं, ‘अभिलेख उपलब्ध नाही.’ रामबागेतल्या एका वयस्क जोडप्याचं प्रकरण मी जवळून पाहिलं. शेजारी मजल्यावर मजला चढत होता, त्यांनी मंजूर नकाशाची प्रत मागितली. तीस दिवसांची मुदत उलटून गेल्यावर उत्तर आलं, फाइल सापडत नाही. पहिलं अपील त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरच्या साहेबांकडे. त्यांनी लिहिलं, शोध घेऊन कळवावं. शोध कुणी घ्यायचा? ज्याने सापडत नाही म्हटलं त्यानेच. मग दुसरं अपील भोपाळला. कायद्यात अर्जाला 30 दिवस, पहिल्या अपिलाला 30, फार तर 45 दिवस. आयोगाने निकाल किती दिवसांत द्यावा याला मात्र मुदतच नाही. आजोबा सुनावणीची वाट पाहत राहिले आणि शेजारच्या इमारतीला रंग लागून भाडेकरू आले.

सुनावणी व्हिडिओवर झाली असती तर काय घडलं असतं? पडद्यावर बाबू पुन्हा म्हणाला असता, ‘साहेब, शोध चालू आहे.’ आयुक्तांना कपाट दिसत नाही. कलम 18 ने आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिलेत: कागदपत्रं तपासणं, कुठल्याही कार्यालयातून अभिलेख मागवणं, चौकशी सुरू असताना कुठलाही अभिलेख स्वतः पाहणं. हे अधिकार 190 किलोमीटरवरून कागदावरच राहतात. इंदुरात आयोगाचा एखादा जबाबदार अधिकारी असेल, तर तो सकाळी अकराला दफ्तरखान्यात जाऊन आवक-जावक नोंदवही उघडू शकतो. फाइल कधी कुणाच्या टेबलावर गेली आणि परत आली का, हे तिथे लिहिलेलं असतं. माझा अनुभव असा की नोंदवही मागितली की निम्म्या फाइली सापडतात.

ही फाइल म्हणजे किती पैशांची वस्तू असते, हे इंदूरकरांना तरी सांगायला नको. 2024 साली नगर निगमातलं बोगस बिलांचं प्रकरण निघालं, न झालेल्या ड्रेनेजच्या कामांची बिलं. सुरुवातीलाच पुढे आलेला आकडा 28 कोटींचा होता, पुढे तो वाढत गेला. ते माहितीच्या अधिकारामुळे उघडकीस आलं, असा माझा दावा नाही. पण 28 कोटींत अकराही आयुक्तांचं मूळ वेतन नऊ वर्षं भागलं असतं. मोजमाप पुस्तक आणि बिल लोकांना सहज पाहायला मिळतात, त्या दफ्तरात असली बिलं काढणं जड जातं, एवढंच म्हणतो.

तुमचं ‘तक्रारीची हौस’ मला खटकलं, कारण ज्याला नुसती हौस भागवायची त्याच्यासाठी कायद्यात कलम 18 ची तक्रार आहे. 2011 साली मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या वाटेने अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, पण कागद मिळत नाही. कागद हवा तर कलम 19 चं अपीलच करावं लागतं. लोक अपिलात जातात ते कागदासाठी.

आणि खर्च त्यांनी द्यावा म्हणता, तो ते आजही देताहेत. मध्य प्रदेशात अर्जाला 10 रुपये, पहिल्या अपिलाला 50, दुसऱ्याला 100. हाच माणूस इंदुरातल्या आयकर कार्यालयाकडे माहिती मागतो तेव्हा दोन्ही अपिलं फुकट, कारण ते केंद्राचं. पुण्यातला त्याचा भाऊ महाराष्ट्र सरकारला अपील करतो तेव्हा 20 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावतो, आणि सुनावणी पुण्यातच होते. तिकडे नागपूर, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) अशी खंडपीठं आहेत. आमच्याकडे प्रत्यक्ष सुनावणी असली की भोपाळची बस, येण्याजाण्याचा दिवस, बुडालेली मजुरी. हे सगळं कुठल्या लेखाशीर्षाखाली दिसत नाही, म्हणून तुमच्या हिशेबात आलं नाही. दंडातून खर्च निघेल असंही कुणी म्हणतं. दिवसाला 250, कमाल 25,000. त्यातून काही निघणार नाही, आणि निघूही नये, नाहीतर आयोग दंडाचं टार्गेट लावून बसेल.

मग मी मागतो काय? भवन नाही, लाल दिवा नाही, बाराव्या आयुक्ताची खुर्चीही नाही. कलम 15 मध्येच लिहिलंय की सरकारची पूर्वमंजुरी घेऊन आयोग राज्यात दुसरीकडे कार्यालय उघडू शकतो. उच्च न्यायालयाचं खंडपीठ इंदुरात चालतं, त्याने कुणाचं दिवाळं निघालं नाही. मला हव्यात कलेक्टरेटमधल्या दोन खोल्या, अभिलेख तपासायचा अधिकार दिलेला एक अधिकारी, दोन लिपिक, एक संगणक आणि स्कॅनर. अपील इथेच दाखल व्हावं, त्रुटी इथेच दुरुस्त व्हाव्यात, ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलेल्या प्रकरणांची तपासणी इथे होऊन अहवाल भोपाळला जावा. सुनावणी मग खुशाल व्हिडिओवर घ्या. महिन्यातून एकदा एखादा आयुक्त येऊन बसला तर उत्तमच.

या दोन खोल्यांचा वर्षाचा खर्च तुम्हीच मांडा, काका. वेतनश्रेणी, भत्ते, आकस्मिक खर्च ही सगळी शीर्षं तुम्हाला पाठ असतील. आकडा पाठवलात की इथे जसाच्या तसा छापतो, माझ्या विरोधात गेला तरी.