एका मिनिटाचं ऊन

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या कल्पनेतल्या साहसांच्या खेळात ‘सनबीम’ नावाचा मंत्र आहे, सहाव्या पातळीचा. तो मिळायला आपलं पात्र अकराव्या लेव्हलपर्यंत जगवावं लागतं. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या टोळक्यात भांडण दिसलं की आधी उडी आणि मग विचार, त्यामुळे माझा ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे मंत्र मारणारा गडी, तिथवर पोचला हेच नवल.

मंत्र मात्र नाद खुळा. हातातून ६० फूट लांब, ५ फूट रुंद उन्हाचा झोत सुटतो. सापडेल त्याला आठ पैलूंच्या सहा फाशांचा दणका, वर आंधळेपण. आम्ही खेळतो त्या २०१४च्या नियमांत भूत-पिशाच्चांना तर त्यातून वाचायला दोनदा फासा टाकून त्यातला लहान आकडा घ्यावा लागतो. जाळ आणि धूर संगटच! आणि हे सगळं एक मिनिटभर, दर चालीला नवा झोत.

गोम त्या मिनिटात आहे. खेळातली एक फेरी सहा सेकंदांची. त्या सहा सेकंदांत काय करावं यावर आमचा फायटर, म्हणजे तलवारवाला गडी, चहा संपेपर्यंत विचार करतो आणि शेवटी तलवारच मारतो. ती मारायलाही माझ्या झोताच्या बरोबर आडवा येऊन उभा राहतो. एवढा मोठा तळघराचा नकाशा, पण ह्याला ऊन खायला तेच पाच फूट सापडतात.

परवा त्याला बाजूला काढला, तर डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणाला, “मधी खांब हाय. मागच्याला झोत लागत न्हाई.”

झालं. दुसऱ्या गावात हा विषय तिथंच मिटला असता. पण इथं ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात का, याकडे अख्खं गाव डोळे लावून बसतं. कुठली इमारत आड आली, ढग किती, धूळ किती, यात प्रत्येक जण तज्ज्ञ. टेबलावर लगेच पट्टी आली, दोरा आला. कुणीतरी खांबाच्या जागी मिठाची बाटली ठेवून मोबाईलचा टॉर्च मारला. सावली पिशाच्चाच्या अर्ध्या अंगावर. आता अर्ध्या पिशाच्चाचं काय करायचं?

कोपऱ्यात पेपर वाचणारे काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “एवढं ऊन हातात घेऊन एक भूत मरंना व्हय रं?”

उत्तर द्यायला सवड कुठली! पिशाच्चानं मला पंजा मारला होता. मार बसला की एकाग्रता टिकवायला फासा टाकायचा. दहा किंवा माराच्या निम्मं, यातलं जे मोठं तेवढं तरी पडायला हवं, नाहीतर ऊन गुल. फासा हातात घुमवला आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून तांबड्या रश्शाच्या फोडणीचा वास आला. ड्रुइडची एकाग्रता टिकली, चौदा पडले. बाकी चौघांची मोडली. ते पाटावर जाऊन बसलेसुद्धा.

मिनिटातले अठरा सेकंद उरलेत. ते पुढच्या रविवारी, फायटरला सुट्टी मिळाली तर.