सुतळी तेवढी कामाची निघाली

सकाळी साडेसातला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. सोलापूर-धाराशिवच्या पूरग्रस्तांना मदत पाठवायची आहे, तरी जुने कपडे, चादरी, चपला, 'वापरात नसलेल्या वस्तू' रविवारपर्यंत क्लबहाऊसमध्ये आणून द्याव्यात. आणि खाली, 'दिवाळीची साफसफाईही उरकेल आणि पुण्यही पदरात पडेल.' पुढे हात जोडलेले तीन, हसरे चेहरे दोन. नऊपर्यंत चाळीस अंगठे. एकीने विचारलं, जुनी ट्रॉली बॅग चालेल का, एक चाक गेलंय. उत्तर आलं, चालेल चालेल.

सीना नदीच्या पुरात ज्याचं घर गेलं तो माणूस तीन चाकांच्या ट्रॉली बॅगेचं काय करणार आहे? ओढत कुठे नेणार आहे?

माझं दूध उतू गेलं हे वाचताना. ग्रुपवर काही लिहिलं नाही, लिहिलं असतं तर पुढच्या हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नसतं. इथे लिहिते. इथे सगळे आपलेच आहात.

माझ्या आईचं घर सांगलीत गावभागात. आमच्याकडे पावसाळ्यात फोन केला की 'कशी आहेस' नंतर, आधी 'आयर्विनला किती झालं?' आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ला घरात गुडघाभर आलं होतं, त्या हिशेबाने आईने सगळं सामान कॉटवर आणि टेबलावर चढवून ठेवलं होतं. कॉट, टेबल, कपाट सगळं बुडालं. बोटीत बसली ती अंगावरच्या साडीनिशी. पिशवीत बीपीच्या गोळ्या, पासबुक आणि देव.

विश्रामबागेकडच्या एका शाळेत, सातवी 'ब'च्या वर्गात अकरा कुटुंबं. तिसऱ्या दिवशी मदतीचा टेम्पो आला. टेम्पोपेक्षा बॅनर मोठा, बॅनरवर फोटो, कुणाचे ते तुम्हाला सांगायला नको. वरून गाठोडी फेकली. हातात दिली नाहीत, फेकली. गाठोड्यात काय होतं? शेरवानी. एका पायाचा बूट. अर्धी संपलेली खोकल्याच्या औषधाची बाटली. टिकल्या गळालेला लेहंगा. आणि साड्या, भरपूर, वीस-पंचवीस तरी.

परकर एकही नाही.

साडीला परकर लागतो आणि परकराला नाडी, हे सांगायला लागतं का कुणाला? त्या गाठोड्यांवरून निदान पन्नास बायकांचे हात फिरले असतील. एकीच्याही मनात आलं नाही की ही साडी ती बाई नेसणार कशावर. कारण ती नेसली जाईल हे डोक्यातच नव्हतं. कपाट रिकामं करायचं होतं.

आईने काय केलं, तर गाठोडं ज्या सुतळीने बांधलं होतं ती सोडली, दुहेरी केली, कमरेला आवळून बांधली आणि त्यावर साडी खोचली. रस्ते बंद होते, मी पाचव्या दिवशी पोचले. आडोसा धरून तिची साडी बदलायला गेले तर कमरेभोवती सुतळी काचून लालभडक वळ. मला बघून हसली. म्हणाली, "गाठोड्यातली सुतळी तेवढी कामाची निघाली बघ."

ती हसली. मला आज सहा वर्षांनीही हसू येत नाही.

त्याच वर्गात कोपऱ्यात दहावीतली एक पोरगी दोन दिवस भिंतीला पाठ लावून बसून होती, उठत नव्हती. बायकांनो, तुम्हाला कळलं असेल का. पूर आला म्हणून पाळी थांबत नाही. टेम्पोत शेरवानी होती, पॅड नव्हते.

बरं, मान्य. पहिल्या दिवशी ओल्याचिंब माणसाला कोरडं फडकंही सोन्यासारखं असतं. आणि टेम्पोतून आलेली पोरं उपाशीपोटीच राबत होती, तेही मान्य. पुढे.

दुसरा डायलॉग आमच्याच मजल्यावरचा. "रोख पैसे दिले की दारूत जातात." अहो, तुमचा बोनस कशात जातो ते विचारायला कुणी आलं होतं का? ज्याची मोटर वाहून गेली, विहीर गाळाने भरली, सोयाबीन काळं पडलं, त्याला पैशाचं काय करायचं ते तुमच्यापेक्षा जास्त कळतं. सरकारचंही तेच. २०१९ ला आदेश काय निघाला होता आठवतंय? दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असाल तर दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ. दीड दिवस बुडालेल्याने काय करायचं, पाण्याला अजून अर्धा दिवस थांब म्हणायचं? आणि गहू दळायचा कुठे, गिरणी पाण्याखाली.

चहा घेऊन आले. जरा शांत झाले आहे.

चांगलंही सांगते, नाहीतर म्हणाल हिला सगळ्यातच खोट दिसते. पाणी उतरल्यावर घरात घोटाभर चिखल होता, आणि तो वास, ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. तासगावकडची चार पोरं आली, द्राक्षबागेला फवारणी करतात तो ट्रॅक्टर घेऊन. पाण्याची टाकी, पंप, लांब पाइप. आमच्या बोळातली सगळी घरं त्यांनी भिंतींपासून मोरीपर्यंत धुऊन काढली. आई चहा करते म्हणाली, पण गॅसची शेगडीच चिखलात. तर त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी तिला दिली. नाव विचारलं तर नुसते हसले. त्यांच्याकडे बॅनर नव्हता. त्यांनी आधी बघितलं होतं, काय लागतंय ते, एवढंच.

आज माढा, मोहोळ, करमाळा, तिकडे परंडा, भूम, सगळीकडे तेच लागणार आहे. खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर, शेगड्या, पोरांची दप्तरं. जनावरं वाचली असतील त्यांना चारा. आणि जमीन खरवडून गेली आहे तिचं काय, ते तर आपल्या कुणाच्याच आवाक्यातलं नाही. त्यापुढे तुमचा लेहंगा!

आणि मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. उद्या ३० सप्टेंबर २०२५, किल्लारीच्या भूकंपाला ३२ वर्षं होतील. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट होती ती. मी सहावीत होते. शाळेने कपडे आणायला सांगितले, मी एक पिवळा फ्रॉक काढला, पाठीची चेन गेलेला. म्हटलं, त्यांना काय कळतंय. आई काही बोलली नाही. तोच फ्रॉक मला घालायला लावला आणि म्हणाली, जा, कोपऱ्यावरून अर्धा किलो साखर आण. मी उंबऱ्यातच रडायला लागले. मग तिने रात्री बसून नवी चेन शिवली, फ्रॉक धुतला, इस्त्री केली, घडी घालून दिली.

तीच बाई सव्वीस वर्षांनी सुतळी बांधून बसली होती. राग येतो तो याचा.

मघाशी तिला फोन केला. आता चौऱ्याहत्तरची आहे. विचारलं, काय पाठवू गं तिकडे? एक सेकंद थांबली नाही. "परकर. सुती घे, मोठ्या मापाचे. म्हाताऱ्या नऊवारीवाल्या असतील त्यांना नाही लागायचे, पण सुनांना लागतील. आणि नाड्या ओवूनच पाठव. ओवायला त्यांच्याकडे पिन कुठून असणार?"

तर मी आज पन्नास परकर आणलेत. दुकानदाराने कारण विचारलं आणि नाड्यांचे पैसे घेतले नाहीत. पन्नास नाड्या ओवायच्या आहेत, एकटीने होणार नाही. जवळपास राहणाऱ्यांनी संध्याकाळी सहानंतर घरी या, चहा मिळेल. येताना सेफ्टीपिन आणा.

ट्रॉली बॅग नको.